जुन्या गाडीची जन्मकुंडली: चेसिस क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा कशा वाचाव्यात

निपाणीच्या परिसरात जुनी गाडी पाहायला गेलेल्या माणसाला किमतीच्याही आधी एक प्रश्न ऐकू येतो: पासिंग कुठले? प्रश्न साधा असला तरी तो या भूभागाचा आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे हे तंबाखूच्या पेठेचे गाव कर्नाटकात मोडते. उत्तरेला थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द लागते आणि संकेश्वर-आजरा-आंबोली मार्गाने किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने गोवाही काही तासांवर येतो. त्यामुळे एकाच गॅरेजच्या अंगणात केए-२३ म्हणजे चिकोडी, केए-२२ म्हणजे बेळगाव, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर आणि जीए-०३ म्हणजे म्हापसा अशा पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसू शकतात.

पासिंगवरून गाडीची नोंद कोठे झाली ते समजते. गाडी मुळात कोणती आहे, कोणत्या वर्षी बनली, कारखान्यातून कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या साजासह बाहेर पडली, हे त्या पाटीवरून मुळीच समजत नाही. ते चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकात, इंजिनाच्या अंगावरील आकड्यांत आणि बॉनेटखालच्या छोट्या धातूच्या पट्टीवर लिहिलेले असते. सीमा ओलांडून गाडी गोव्यात आणणाऱ्याला ही लिपी वाचता येणे फार उपयोगाचे आहे, कारण फेरनोंदणीच्या वेळी तपासणी अधिकारी याच खुणा पाहतो. त्या वेळी विसंगती उघड झाली, तर पैसे घेतलेला विक्रेता घाटापलीकडे असतो.

पाटीवरचा इतिहास

पासिंगला अगदीच अर्थ नाही, असे नव्हे. फार जुन्या गाडीच्या बाबतीत ते इतिहासाचा एक पुरावा ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा, आणि त्यासोबत निपाणी, मुंबई राज्यात होता. त्या राज्यातील अनेक क्रमांक ‘बीवाय’ या अक्षरांनी सुरू होत. पुनर्रचनेनंतर हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि ‘एमवाय’ची खूण आली. गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या गाड्यांवर ‘जीडी’ असे. मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यानंतर आजची केए, एमएच, जीए अशी पद्धत रुळली. म्हणून १९५२ची म्हणून दाखवलेल्या निपाणीकडच्या गाडीवर ‘एमवाय’ची पाटी असेल, तर ती खूण केव्हा आणि कोणत्या नोंदीनुसार मिळाली, हे विचारायलाच हवे. उत्तर सरळ असू शकते. मात्र ते कागदावर असले पाहिजे.

नामफलकावर विश्वास का ठेवू नये

गाडीच्या सांकेतिक खुणा वाचण्याची विद्या शास्त्राच्या पातळीला नेली ती अमेरिकन संग्राहकांनी. १९६० नंतरच्या दशकात तेथील कंपन्यांनी मध्यम आकाराच्या साध्या गाड्यांत अवाढव्य व्ही-८ इंजिने बसवून त्या तरुणांना विकायला सुरुवात केली. या ‘मसल कार’ आणि त्यांच्या साध्या भावंडांत बाहेरून फरक थोडा असे: एखादा बिल्ला, बॉनेटवरचा फुगवटा, दोन पट्टे. आज किमतीतला फरक मात्र प्रचंड आहे. १९७१च्या प्लिमथ हेमी ‘कुडा’चे उघड्या छताचे नमुने अवघे ११ बनले होते, त्यांपैकी एक २०१४मध्ये लिलावात ३५ लक्ष डॉलरना गेला. साध्या इंजिनाची तीच गाडी या रकमेच्या आसपासही पोहोचत नाही. मग बिल्ले विकत आणून चिकटवणारे निर्माण झाले, आणि त्यांना पकडण्यासाठी संकेत उलगडणारेही.

प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती, आणि घोळ होतो तो तेथेच. फोर्डने मस्टँगच्या क्रमांकातच इंजिन सांगितले. त्या काळच्या क्रमांकातील पहिला आकडा वर्षाचा, दुसरे अक्षर कारखान्याचे, पुढचे दोन आकडे बॉडीच्या प्रकाराचे आणि पाचवे अक्षर इंजिनाचे. तेथे ‘के’ असेल तर गाडी २८९ घनइंचाच्या खास तेज इंजिनासह जन्मली. ‘सी’ असेल तर त्याच मापाच्या साध्या इंजिनासह. बाहेर कोणताही बिल्ला लावा, पाचवे अक्षर बदलत नाही.

पाँटिअॅकची ‘जीटीओ’ याच्या उलट. मसल कारची आद्य जननी मानली जाणारी ही गाडी १९६४ आणि १९६५ या दोन वर्षी स्वतंत्र मॉडेल नव्हतीच. ‘लमान्स’ या गाडीवर घेता येणारा तो एक जादा पर्याय होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीचा क्रमांक कितीही बारकाईने वाचला, तरी ती जीटीओ आहे की नाही ते त्यातून निघत नाही. १९६६पासून तिला स्वतंत्र मालिका मिळाली आणि क्रमांकाच्या सुरुवातीला २४२ हे आकडे आले. आधीच्या दोन वर्षांसाठी कारखान्याच्या मूळ बिलांच्या मायक्रोफिल्मवरून काढलेली प्रत, हाच आधार. १९६९च्या शेव्हर्ले कॅमॅरोचेही तसेच आहे: क्रमांक आठ सिलिंडर आणि बॉडी सांगतो, पण ती गाडी नावाजलेली ‘झेड-२८’ होती का, यावर तो गप्प राहतो.

क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या सर्वांत बोलक्या. बॉनेटखाली मडगार्डच्या आतल्या बाजूला एक पातळ पत्री असे आणि तिच्यावर संकेतांच्या ओळी ठोकलेल्या असत. ती खालच्या ओळीपासून वर वाचायची. ‘ई ७४’ म्हणजे ४२६ घनइंचाचे हेमी इंजिन, ‘डी २१’ म्हणजे चार गतींचा हाताचा गिअरबॉक्स, ‘एफसी७’ म्हणजे तो प्रसिद्ध जांभळा रंग. पत्री हरवली, तरी कधी कधी दुसरा साक्षीदार सापडतो. जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला पर्यायांचा कागद गाडीसोबत फिरे आणि पुष्कळदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून तसाच राहून जाई. अर्ध्या शतकानंतर सीट उसवताना तो पिवळा कागद हाती लागला, की गाडीची किंमत बदलते.

या सगळ्यातून एक भेद लक्षात येतो, आणि तो निपाणीतही तितकाच लागू आहे. क्रमांक गाडीची ओळख नेहमी सांगतो. तिची श्रेणी आणि साज सांगेलच असे नाही. कोणत्या गाडीचा क्रमांक कुठपर्यंत बोलतो, हे आधी माहीत असावे लागते.

आपल्याकडचे वंशज

अमेरिकन गाड्यांशी या प्रदेशाचा संबंध केवळ वाचनापुरता नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८मध्ये सुरू झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या. गोव्यात तर पोर्तुगीज अमलात परदेशी मोटारींच्या आयातीवर भारतासारखे निर्बंध नव्हते. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना दिसणारी एकाच नावाची जुनी अमेरिकन गाडी एकीकडे मुंबईत जुळवलेली आणि दुसरीकडे सबंध आयात केलेली असू शकते. पत्रीवरील जुळणीचे ठिकाण म्हणून महत्त्वाचे.

मात्र या पट्ट्यात खरा प्रश्न पडतो तो जीपच्या बाबतीत. ‘युद्धातली विलीस’ म्हणून सांगितली जाणारी प्रत्येक जीप युद्धातली नसते आणि विलीसही नसते. दुसऱ्या महायुद्धात तीच गाडी दोन कंपन्यांनी बनवली: विलीसची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. त्यानंतर महिंद्र कंपनीने विलीसच्या जीपा सुट्या भागांतून जुळवल्या आणि पुढे त्या वंशाच्या गाड्या दशकानुदशके स्वतः बनवल्या. बॉडी एकमेकींवर सहज बसतात, म्हणून बॉडी पाहून निर्णय करू नये. खाली वाकून रेडिएटरखालची आडवी दांडी पाहावी. ती गोल नळीची असेल तर सांगाडा एमबीचा, चौकोनी खाचेसारखी असेल तर जीपीडब्ल्यूचा. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते; ते शोधणे हा जीपवेड्यांचा आवडता उद्योग आहे. एमबीचा क्रमांक डाव्या पुढच्या सांगाड्याच्या आतल्या बाजूस रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असे, तर जीपीडब्ल्यूचा थेट सांगाड्याच्या वरच्या पृष्ठावर ठोकलेला असे. यांपैकी काहीच जुळत नसेल तर समोर उभी असते ती वडापच्या धंद्यात झिजलेली आणि नव्या पत्र्याने सजवलेली महिंद्र. तीही उत्तम गाडी आहे. फक्त तिला महिंद्रची किंमत द्यावी.

भारतीय ‘मसल कार’ म्हणून हल्ली कौतुक होते ते हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचे. १९८४च्या सुमारास आलेल्या या गाडीचा देह ब्रिटिश वॉक्सहॉलचा आणि इंजिन सुरुवातीला ॲम्बेसॅडरचे दीड लिटरचे. देहाच्या मानाने जीव लहान होता. पुढे जपानी इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गतींचा गिअरबॉक्स आला आणि गाडीचा स्वभावच पालटला. आज शोध घेतला जातो तो या दुसऱ्या अवताराचा. गाडी कारखान्यातूनच १.८ घेऊन आली की नंतर कोणी बसवले, हे इंजिनावरील क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून कळते. पेट्रोल महागल्यावर मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाट देशभर आली होती. त्यामुळे नोंदणीपत्रातील इंधनाचा रकानाही वाचायचा.

दुचाकींत हाच खेळ अधिक रंगतो. एस्कॉर्ट्सने १९८३पासून बनवलेली ३४७ सीसीची राजदूत आरडी ३५० दोन प्रकारांत आली: आधीची ३०.५ अश्वशक्तीची ‘हाय टॉर्क’ आणि नंतरची मायलेज वाढवण्यासाठी २७च्या आसपास उतरवलेली ‘लो टॉर्क’. टाकी आणि रंगरूप तेच. फरक प्रामुख्याने सिलिंडर आणि सायलेन्सरमध्ये. ‘एचटी’च्या नावाखाली ‘एलटी’ विकली जाणे म्हणूनच सोपे आहे. यामाहा आरएक्स १०० बाबत तर भावनाच आड येतात. १९८५ ते १९९६ या काळातली ही ९८ सीसीची गाडी ‘१एल१’ या उपसर्गाने ओळखली जाते. तिच्या टाकीखाली पुष्कळदा १३२ सीसीच्या आरएक्स-जी किंवा आरएक्स १३५चा सांगाडा निघतो. अशा वेळी नोंदणीपत्रातील घनक्षमता हा पहिला पुरावा, टाकीवरचे स्टिकर शेवटचा.

सतरा अक्षरांचे वाचन

अलीकडच्या गाड्यांना जगभर मान्य असलेला सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. अमेरिकेत तो १९८१पासून सक्तीचा झाला. भारतात तो टप्प्याटप्प्याने रुळला. त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ०शी गल्लत करतात. नोंदणीपत्रात यांपैकी एखादे अक्षर दिसले, तर बहुधा कारकुनाची चूक असते. तरीही ती चूक विक्रेत्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी, कारण गोव्यातील कार्यालयात ती खरेदीदाराची डोकेदुखी होते.

पहिली तीन अक्षरे निर्मात्याची. महिंद्रची ‘एमए१’, मारुती सुझुकीची ‘एमए३’, टाटा मोटर्सची ‘एमएटी’, ह्युंदाईची ‘एमएएल’, टोयोटा किर्लोस्करची ‘एमबीजे’. दुचाकींत बजाजची ‘एमडी२’, टीव्हीएसची ‘एमडी६’, हिरोची ‘एमबीएल’ आणि रॉयल एनफिल्डची ‘एमई३’. पुढची सहा स्थाने गाडीच्या प्रकाराचे वर्णन करतात: बॉडी, इंजिन, कधी गिअरबॉक्स. हा भाग प्रत्येक कंपनी स्वतःच्या कोष्टकाने भरते. तो अंदाजाने न वाचता त्या कंपनीच्या सेवा केंद्रात क्रमांक देऊन विचारणे शहाणपणाचे. एअरबॅग नसलेल्या मूळ प्रकारावर वरच्या प्रकाराचा बिल्ला, मिश्रधातूची चाके आणि पडदा बसवून ‘टॉप मॉडेल’ म्हणून विकण्याची युक्ती तेथेच उघडी पडते. अमेरिकन जीटीओच्या नकलेहून ती फार वेगळी नाही, आणि येथे प्रश्न केवळ पैशाचा नसतो: एअरबॅगचे झाकण दिसते म्हणून आत एअरबॅग असतेच असे नाही.

दहावे स्थान प्रथेने वर्षाचे. २०१० म्हणजे ‘ए’, तेथून क्रमाने २०१७ ‘एच’. ‘आय’ गाळून २०१८ ‘जे’, २०१९ ‘के’, २०२० ‘एल’, २०२१ ‘एम’, २०२२ ‘एन’. ‘ओ’ गाळून २०२३ ‘पी’, ‘क्यू’ गाळून २०२४ ‘आर’. २००१ ते २००९ या वर्षांना १ ते ९ हे आकडे होते. सर्वच भारतीय निर्माते हा क्रम तंतोतंत पाळत नाहीत. काहींनी महिन्याचे वेगळे अक्षरही घातले. तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२२वा नियम निर्मितीचा महिना आणि वर्ष गाडीवर कोरणे बंधनकारक करतो, आणि नोंदणीपत्रातही निर्मितीचा महिना असतो. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदवली गेली, की विक्रेता नोंदणीचे वर्ष सांगतो. जुन्या बाजारात किंमत मात्र निर्मितीच्या वर्षावर ठरायला हवी.

नवव्या स्थानाबद्दल एक इशारा. अमेरिकेत ते पडताळणीचे अक्षर असते आणि उरलेल्या सोळा अक्षरांवरून गणिताने काढता येते. भारतात तशी सक्ती नाही. त्यामुळे परदेशी संकेतस्थळांवर भारतीय क्रमांक घातला, की तो पुष्कळदा ‘अवैध’ ठरतो. त्या उत्तराने घाबरून चांगला व्यवहार सोडण्याचे कारण नाही.

धातू आणि कागद

क्रमांक वाचण्याआधी तो ज्या पत्र्यावर आहे तो पाहावा. कारखान्यात ठोकलेल्या अक्षरांची खोली आणि अंतर सारखे असते. हाताने ठोकलेली अक्षरे वरखाली होतात. आजूबाजूला घासल्याच्या रेघा, एवढ्याच भागावर ताजा रंग, भोवतालची वेल्डिंगची शिवण किंवा पट्टीचे बदललेले रिव्हेट दिसले, तर तेथेच थांबावे. पेन्सिलने कागदावर घेतलेला ठसा, ज्याला गॅरेजवाले चेसिस प्रिंट म्हणतात, डोळ्यांना न दिसणारी जुनी रेघही दाखवतो. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचा क्रमांक खाऱ्या हवेने खरोखरच गंजून पुसला जातो. अशा वेळी परिवहन कार्यालयाच्या परवानगीने तो पुन्हा ठोकता येतो. त्या परवानगीचा कागद मात्र गाडीसोबत हवा.

कागदांत फॉर्म २१, म्हणजे विक्रेत्याने दिलेले विक्री प्रमाणपत्र, आणि मूळ बिल यांना मसल कारच्या सीटमधल्या कागदाइतकेच मोल आहे. प्रकाराचे पूर्ण नाव आणि रंग बहुधा तेथे सापडतो. पहिल्या मालकाने ते जपले असेल, तर बाकीचे काम अर्धे होते.

कर्नाटकातील गाडी गोव्यात आणताना मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना दलाल सरसकट ‘टीटी फॉर्म’ म्हणतात; कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. कायद्याच्या ५०व्या कलमानुसार राज्याबाहेरच्या मालकी बदलाची सूचना ४५ दिवसांत द्यावी लागते, आणि ४७व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. ५२वे कलम सर्वांत दुर्लक्षित: निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. रुंद चाके आणि कापलेल्या छताची जीप निपाणीच्या रस्त्यावर रुबाबदार दिसते. फेरनोंदणीच्या तपासणीत तिचा तोच रुबाब अडचणीचा ठरतो. अपघातानंतर विमा कंपनीलाही दावा नाकारण्यास आयते निमित्त मिळते.

ज्यांचा शोध खरोखर पुरातन गाडीचा आहे, त्यांच्यासाठी जुलै २०२१पासून वेगळा मार्ग आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल न करता मूळ रूपात राखलेली असेल, तर ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन भरणे आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. ‘मूळ रूपात’ या दोन शब्दांची शहानिशा होते, ती आडव्या दांडीच्या आकारावरून, रिव्हेटच्या पट्टीवरून आणि चेसिसवरच्या त्या ठशावरून.